पोटाचा घेर आणि यकृतातील चरबी



या पानावर आम्ही दर वेळी लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील नांग्या भरणे, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. या खेपेस पीक थोडे बाजूला ठेवून पीक पिकवणाऱ्याच्या शरीराविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. आम्ही शेतकी खात्यातली माणसे, डॉक्टर नव्हे. परंतु गटागटांतून फिरताना एक प्रश्न अलीकडे इतक्या वेळा कानी येतो की, त्याचे उत्तर जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेऊन आपणापुढे मांडणे आम्हाला आवश्यक वाटले.

प्रश्न असा असतो : "साहेब, मी माळकरी माणूस. जन्मात थेंब घेतला नाही. पोट दुखतंय म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली, तर लिव्हरला चरबी निघाली. ही आली कुठून?" काही जण तर रिपोर्ट घडी घालून कपाटात ठेवतात. लिव्हरचे नाव निघाले की गाव म्हणणार, 'चोरून घेत असणार.' या भीतीने ते औषधपाण्याचाही विषय काढत नाहीत. दुखणे राहते बाजूला आणि अब्रूची काळजी मोठी होते.

तेव्हा पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगतो. दारूने यकृत खराब होते हे खरेच आहे. पण दारूला न शिवणाऱ्याच्या यकृतातही चरबी साठते, आणि पुरुषांमध्ये तिचा सर्वांत जवळचा संबंध आहे तो पोटाच्या घेराशी. हा दोष लपवण्याजोगा नाही, तसाच तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

हा रोग कसा ओळखीचा झाला

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर या गावी मेयो क्लिनिक नावाचे नामांकित रुग्णालय आहे. तेथील डॉ. युर्गन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली 20 रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. या रुग्णांच्या यकृताचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तो अट्टल दारूबाजाच्या यकृतासारखा दिसे : चरबी, सूज, काही ठिकाणी व्रणाचे धागे. पण ही माणसे दारू पिणारी नव्हती. बहुतेक जण अंगाने स्थूल होते, आणि कित्येकांना मधुमेहासारखे विकार होते. तेव्हापासून या रोगाच्या नावात 'बिगर-दारूचा' असा शब्द राहिला. 2023 साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी एकत्र येऊन हे नाव बदलले. आता 'चयापचयाच्या बिघाडाशी निगडित चरबीयुक्त यकृत' अशा अर्थाचे नाव वापरतात. काय नाही ते सांगण्यापेक्षा मूळ कारण काय आहे ते नावातच यावे, हा हेतू.

आपल्या देशात हे प्रमाण थोडेथोडके नाही. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांची आकडेवारी एकत्र करून 2022 साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढ माणसांपैकी शेकडा 38 हून अधिक लोकांच्या यकृतात चरबी असल्याचे दिसले. म्हणजे पारावर दहा जण बसले असतील तर त्यांत तीन-चार जण या हिशेबातले. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो, कारण या रोगात सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, कावीळही दिसत नाही.

यकृताचे काम

यकृत, म्हणजे आपण ज्याला लिव्हर म्हणतो ते, पोटाच्या उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो. आतड्यातून जे काही अन्नरस रक्तात जातात, त्यांतील बहुतेक भाग प्रथम एका मोठ्या शिरेने थेट यकृतात येतो. तिला द्वारशीर म्हणू. कारखान्यात आलेली प्रत्येक गाडी जशी आधी वजनकाट्यावर जाते, तसाच हा प्रकार आहे. तेथे छाननी होते, लागेल तेवढे पुढे पाठवले जाते, काही साठवले जाते आणि विषारी द्रव्यांचा निचरा होतो.

साठवणुकीला मात्र मर्यादा आहे. उसाला कांड्यांत साखर साठवता येते, आणि जितकी कांडी जास्त तितकी साखर जास्त. यकृताचे तसे नाही. जेवणातून आलेली साखर ते एका पिष्टरूप पदार्थात बदलून ठेवते, पण हा साठा सुमारे 100 ग्रॅमच्या घरातच असतो. तो भरला, आणि अंगमेहनतीने तो खर्चही झाला नाही, तर वरची आवक चरबीत रूपांतरित होऊ लागते. ही चरबी बाहेर पाठवण्याचा यकृताचा वेग ठराविक. आवक त्याहून जास्त झाली की चरबी यकृताच्या पेशींतच तुंबून राहते. शंभरांतील पाचाहून अधिक पेशींत अशी चरबी दिसली की त्याला डॉक्टर 'फॅटी लिव्हर' म्हणतात.

गव्हाणीसमोर गाड्यांची रांग

मग ही आवक येते कुठून? आपल्याला वाटते, तेलकट-तुपकट खाल्ले तेच सरळ लिव्हरला जाऊन चिकटले. हिशेब तसा नाही. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या यकृतातील चरबीचा उगम शोधला. अदमासे 60 टक्के चरबी अंगात आधीच साठलेल्या मेदातून सुटून रक्तावाटे आलेली होती. सुमारे चौथा हिस्सा यकृताने स्वतःच साखर-पिठापासून तयार केलेला होता. आणि जेमतेम 15 टक्के चरबी थेट खाण्यातल्या तेला-तुपातून आलेली होती.

म्हणजे मोठा हिस्सा अंगातल्या कोठारातून येतो. आता ही कोठारे दोन जागी असतात. एक कातडीखाली : मांड्या, नितंब, दंड, आणि पोटावरची बोटांच्या चिमटीत येणारी वळी. दुसरे पोटाच्या आत, आतड्यांभोवती. पहिले कोठार दूरचे आहे. तेथून सुटलेली चरबी साऱ्या शरीरभर फिरते, वाटेत स्नायू तिचा वापर करतात. दुसऱ्या कोठाराचे रक्त मात्र थेट द्वारशिरेत, म्हणजे यकृताच्या दारातच उतरते. दूरच्या गटातला ऊस आणि गव्हाणीसमोर उभा केलेला ऊस यांत जो फरक, तोच येथे. कारखान्याची गाळपक्षमता तीच, आणि यार्डात मात्र रात्रंदिवस गाड्या येत आहेत, अशी यकृताची स्थिती होते.

येथे इन्सुलिनचा संबंध येतो. जेवणानंतर इन्सुलिन वाढते आणि मेदाच्या कोठाराला 'आता माल सोडू नका' असा हुकूम देते. पोटात चरबी वाढलेल्या माणसात हा हुकूम नीट पाळला जात नाही. तोडचिठ्ठी नसताना ऊस तोडून आणावा, तशी चरबी बेहिशेबी सुटत राहते. शरीर मग आणखी इन्सुलिन तयार करते. वाढलेले इन्सुलिन यकृताला साखरेपासून चरबी करण्यास आणखी चालना देते. चरबी भरलेले यकृत रात्री नको तेवढी साखर रक्तात सोडू लागते. म्हणूनच फॅटी लिव्हर आणि मधुमेह हे बहुधा एका घरचे पाहुणे. एक आला की दुसऱ्याची वाट पाहावी.

पुरुषांतच पोट का सुटते?

फ्रान्समधील मार्सेय शहरातले डॉ. झाँ व्हाग यांनी 1947 साली एक बारकावा नोंदवला. स्थूलपणा किती आहे एवढेच पाहू नका, तो कुठे आहे तेही पाहा. पुरुषी ढंगाचा स्थूलपणा कमरेच्या वर, पोटाशी असतो. बायकी ढंगाचा कमरेखाली, मांड्या-नितंबांवर असतो. मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार पहिल्या प्रकारात जास्त दिसतात. पुढच्या संशोधनाने ही गोष्ट पक्की केली. पाळी चालू असेपर्यंत स्त्रियांच्या शरीरातील संप्रेरके चरबी खालच्या अंगाला ठेवतात. पाळी गेल्यावर त्यांचाही कल पोटाकडे होतो. पुरुषाला ही सवलत सुरुवातीपासूनच नाही. त्याचे वाढलेले वजन प्रथम पोटातच जाते.

त्यात आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. पोट पुढे आले की 'अंग धरलं', 'मानवलं' असे कौतुकाने म्हणतात. पायजम्याच्या नाडीला आणि धोतराच्या निऱ्यांना घेर कळत नाही. पॅंटवाला पट्टा पोटाखाली सरकवतो आणि 'माझी कंबर चौतीसच' म्हणून सांगतो.

कामाचे स्वरूपही बदलले. पूर्वी बैलाच्या औतामागे दिवसभर चालणे होते, पाटाने दारे धरणे होते, रानात पायी जाणे होते. आता ट्रॅक्टर आहे, ठिबकचा व्हॉल्व्ह आहे, मोटार मोबाईलवरून सुरू होते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. ही सुधारणा चांगलीच आहे. आम्हीच तर ठिबक करा म्हणून आपल्या मागे लागतो. पण अंगमेहनत निम्म्यावर आली आणि ताटातल्या भाकरीचे माप मात्र वडिलांच्या काळचेच राहिले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

'मी तर सडपातळ आहे' असे म्हणणाऱ्यांसाठी

या बाबतीत आपल्या पुण्यातले संशोधन जगभर गाजलेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालके वजनाला सरासरी 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची 3.5 किलो. आपली बाळे लहान. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून राहिलेली, असे आढळले. याला 'सडपातळ पण मेदयुक्त' शरीर म्हणतात.

2004 साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे होते. अंगातली चरबी मोजली, तर इंग्रज डॉक्टरांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के. तेव्हा काट्यावर वजन कमी दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. हातपाय काडीसारखे आणि मध्ये माठासारखे पोट, ही अंगकाठी आपल्याकडे बांधाबांधावर दिसते आणि धोका तिलाच आहे.

म्हणूनच भारतीय पुरुषासाठी कमरेच्या घेराची मर्यादा गोऱ्या लोकांपेक्षा कमी धरली आहे : 90 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच. स्त्रियांसाठी ती 80 सेंटिमीटर आहे.

टेप कशी लावावी

घरात शिलाईकामाची टेप असतेच. उघड्या अंगाने ताठ उभे राहावे, पाय थोडे फाकवावेत. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी गुंडाळावी. ती मागून खाली घसरू देऊ नये. साधा श्वास सोडावा आणि श्वास सुटल्यावर वाचावे. पोट आत ओढून मोजणे म्हणजे वजनकाट्यावर पाय देऊन मोळी मोजणे. त्यात फसवणूक आपलीच. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेसह लिहून ठेवावा. 90 च्या वर असेल तर पुढील तपासणी जरूर करावी.

गावात आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेच्या घेराला गुण आहेत. पुरुषाचा घेर 90 पर्यंत असेल तर शून्य, 91 ते 100 ला एक, आणि 100 च्या वर दोन गुण. पुष्कळ पुरुषमाणसे त्या वेळी 'बाईमाणसाकडून काय मोजून घ्यायचं' म्हणून रानाची वाट धरतात. असे करू नये. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने हा यकृताचा रोग असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. मोजमाप करणे हे त्यातलेच पहिले पाऊल आहे.

आता साखरेबद्दल

साखर कारखान्याच्या अंकात साखरेविषयी काय लिहिणार, असे काहींच्या मनात येईल. आपला प्रपंच उसावर चालतो, आमचाही पगार त्यावरच आहे. तरी जे खरे ते सांगितले पाहिजे. सभासदाची तब्येत बिघडवून कारखान्याचे काही भले होणार नाही.

साखरेचा एक कण पोटात फुटला की त्याचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज सारे शरीर वापरते. फ्रुक्टोजचा निपटारा मुख्यतः यकृतालाच करावा लागतो आणि गरजेपेक्षा जास्त आले की त्याची चरबी होते. गुळातही मुख्य भाग उसाच्या साखरेचाच असल्याने 'आम्ही गुळाचा चहा पितो' म्हटल्याने सूट मिळत नाही. 20 ब्रिक्सच्या रसाचा 200 मिलिलिटरचा पेला, बर्फ न घालता, म्हणजे पोटात सुमारे 35 ग्रॅम साखर. ऊस दाताने सोलून खाताना वेळ लागतो, चोथा चावावा लागतो, एवढी साखर एका दमात जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले की, वरून घातलेल्या व रसातल्या साखरेपासून मिळणाऱ्या उष्मांकांचे प्रमाण दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावे, आणि विसाव्या हिश्शाहून कमी ठेवता आले तर अधिक चांगले. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे अनुक्रमे 50 ग्रॅम व 25 ग्रॅम पडते.

आता घरचा हिशेब करू. सभासदाला सवलतीच्या दराने साखर मिळते, तेव्हा डबा सहसा रिकामा राहत नाही. समजा, घरात पाच माणसे आहेत आणि महिन्याला दहा किलो साखर संपते. 10,000 ग्रॅम भागिले पाच, भागिले तीस, म्हणजे माणशी रोज सुमारे 67 ग्रॅम. त्यात बाहेरचा चहा, पेढे-जिलेबी, बिस्किटे, थंड पेये धरलेलीच नाहीत. हीच साखर साडेसात किलोवर आली तर माणशी 50 ग्रॅम होते, आणि पावणेचार किलोवर आली तर 25 ग्रॅम. प्रत्येक सभासदाने घरात हा हिशेब एकदा मालकिणीबरोबर बसून करावा.

चहाचा प्रश्न मात्र एका घराने सुटत नाही. गटात फेरी मारली की पाच घरी चहा होतो, आणि पाव्हण्याला गोड चहा दिला नाही तर कमीपणा वाटतो. आमची सूचना अशी की साखर वेगळ्या वाटीत ठेवावी आणि पाव्हण्याला विचारावे. 'बिनसाखरेचा चालंल' असे कोणी म्हटले तर त्यात अपमान मानू नये.

तथापि सारा दोष साखरेवर टाकून मोकळे होऊ नये. मेहनतीपेक्षा जास्त खाल्लेली भाकरी, भात, फरसाण, तळलेली भजी, रात्री उशिराचे भरपेट जेवण, यांचीही चरबीच होते. आणि ज्याचे पोट सुटलेले आहे व जो दारूही घेतो, त्याच्या यकृताचे नुकसान दोन्ही बाजूंनी होते. त्याने दारू पूर्ण बंद करणे हाच मार्ग आहे.

जमीन चोपण होण्याआधी

काळ्या रानात वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले की काय होते, हे नदीकाठच्या सभासदांना सांगावयास नको. आधी जमीन दलदलीची होते. त्या वेळी चर काढून पाण्याचा निचरा केला तर ती सुधारते. दुर्लक्ष केले की वर मीठ फुटते, ती चोपण होते, आणि मग जिप्सम घाला, ताग गाडा, तरी वर्षे जातात.

यकृताचे असेच आहे. नुसती चरबी ही पहिली अवस्था. काहींच्या यकृताला पुढे सूज येते. सूज रेंगाळली की व्रणाचे धागे पडू लागतात. धागे वाढत गेले की यकृत कडक व गाठाळ होते, त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. मग पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, भ्रम, क्वचित कर्करोग येथपर्यंत मजल जाते. सगळेच त्या टोकाला जात नाहीत, बहुतेक जण जात नाहीत. पण कोण जाणार हे चेहऱ्यावरून कळत नाही. शिवाय फॅटी लिव्हर असलेल्यांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदयविकार आहे. रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी हे सारे एकाच वेळी तपासून घ्यावे ते यासाठी.

रिपोर्ट कसा वाचावा

सोनोग्राफीत 'ग्रेड 1, 2, 3' असे लिहिलेले असते. हा आकडा चरबी किती दिसते ते सांगतो, व्रणाचे धागे किती ते सांगत नाही. म्हणून 'ग्रेड एकच आहे, काही नाही' असे म्हणणे बरोबर नाही. तसेच थोडी चरबी सोनोग्राफीत सुटूनही जाते, आणि एसजीपीटी नॉर्मल असूनही रोग असू शकतो.

धाग्यांचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर एक साधे सूत्र वापरतात. त्याला 'फिब-4' म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणावे. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, या संख्येने भागावे. उदाहरणार्थ, वय 50, एसजीओटी 42, एसजीपीटी 49, प्लेटलेट दोन लाख. वर 50 गुणिले 42 म्हणजे 2100. खाली 200 गुणिले 7 म्हणजे 1400. उत्तर 1.5. उत्तर 1.3 पेक्षा कमी आले तर धाग्यांचा धोका कमी. त्याहून जास्त आले तर यकृताचा कडकपणा मोजणारी पुढची तपासणी करावी. याच माणसाच्या प्लेटलेट तीन लाख असत्या तर उत्तर 1 आले असते. पासष्टीच्या पुढे 1.3 ऐवजी 2 हा आकडा धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचे नाही. उत्तर घरी काढले तरी निर्णय मात्र डॉक्टरांनीच करावयाचा.

उपाय काय?

यात समाधानाची गोष्ट अशी की यकृत सुधारते. त्यासाठी वजन किती उतरवावे लागते, हे आता चांगले ठाऊक झाले आहे. 80 किलोच्या माणसाचे उदाहरण घेऊ. चार किलो, म्हणजे शेकडा पाच, वजन कमी झाले की यकृतातील चरबी उतरू लागते. साडेपाच ते आठ किलो, म्हणजे शेकडा सात ते दहा, कमी झाले की सूजही ओसरते. शेकडा दहा किंवा जास्त कमी केलेल्या पुष्कळांत व्रणाचे धागेसुद्धा मागे हटल्याचे दिसले आहे. जो मुळात सडपातळ आहे त्याला शेकडा तीन ते पाचानेही गुण येतो. पोटाआतली चरबी वजन उतरताना लवकर हलते, हा आणखी एक फायदा.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

1. घाई करू नये. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. एकदम उपाशी राहून वजन झपाट्याने उतरवले तर यकृतावर ताण येतो व पित्ताशयात खडे होतात.

2. ताटात पालेभाजी, काकडी-मुळा, मटकी-मूग-हुलग्याची उसळ वाढवावी आणि त्या मानाने भाकरी-भात कमी करावा. उपास जरूर करावा, पण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असा साबुदाणा-शेंगदाण्याचा नको.

3. आठवड्यातून किमान 150 मिनिटे भरभर चालावे. 'आम्ही रानात हिंडतोच की' असे पुष्कळ जण म्हणतात. बांधावर थांबत थांबत हिंडणे वेगळे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग हवा. वजन फारसे उतरले नाही तरी अशा व्यायामाने यकृतातील चरबी कमी होते. आठवड्यातून दोन दिवस खोरे, टिकाव, जोर-बैठका असे ताकदीचे काम करावे.

4. दर महिन्याला एकाच तारखेला घेर मोजावा. पहिले दोन-तीन महिने वजनापेक्षा टेप जास्त खरे बोलते.

5. मधुमेह, रक्तदाब असेल तर औषधे नियमित घ्यावीत. अमेरिकेत मार्च 2024 मध्ये या रोगावरील पहिल्या खास औषधाला मंजुरी मिळाली, परंतु ते धागे पडलेल्या ठराविक रुग्णांसाठी आहे आणि त्यासोबतही खाणे व चालणे सांगितलेलेच आहे.

6. 'लिव्हर साफ करणारे' काढे, चूर्णे कोणी सांगितले म्हणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर वादही झाला. तरी आपण काय घेतो ते डॉक्टरांना सांगावे, हे कोणीही मान्य करील.

बंधूंनो, माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका, असे आम्ही आपणास नेहमी सांगतो, आणि आता बहुतेक जण ते ऐकतात. कमरेला टेप लावणे हे तितकेच साधे परीक्षण आहे. त्याला पैसा लागत नाही. ज्यांनी रिपोर्ट कपाटात ठेवला असेल त्यांनी तो बाहेर काढावा, घरात दाखवावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावा. गावात कोणी दारूवरून बोललेच, तर त्याच्याही कमरेला टेप लावून पाहावी.

आडसालीची बांधणी आणि खोडव्याची खते यांविषयी पुढील अंकात सविस्तर लिहू.

आपले,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते